एका वेळी एकच धनी

विंडोज 2000 च्या काळात दोन सर्व्हरांचे क्लस्टर उभे करायचे, तर मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शिकेत एक छोटा तक्ता असे. कुठल्या टप्प्याला कुठले यंत्र चालू ठेवायचे आणि कुठले बंद, एवढेच त्यात सांगितलेले होते. नेटवर्क जोडताना दोन्ही सर्व्हर चालू, पण डिस्कांची पेटी बंद. डिस्क तयार करताना पेटी आणि पहिला सर्व्हर चालू, दुसरा बंद. त्याच डिस्क दुसऱ्यावरून नीट दिसतात का हे पाहताना पहिला बंद, दुसरा चालू. क्लस्टरचे सॉफ्टवेअर पहिल्यावर चढवताना पुन्हा दुसरा बंद. ते चढून कामाला लागले की मगच दोघांनी एकत्र जागे राहायचे. सेवा क्षणभरही थांबू नये म्हणून ज्याचा खटाटोप, ते क्लस्टर असे आळीपाळीने यंत्रे बंद करून जन्माला येई. हा तक्ता पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती एक कटकट वाटत असणार. मला मात्र तो संगणकाच्या इतिहासातला फार बोलका कागद वाटतो. डिस्कला आपण 'सामायिक' म्हणतो, पण तिची जवळजवळ सगळी तयारी ती एका वेळी एकाच्याच हाती राहावी यासाठी असते, हे त्या चालू-बंदच्या रकान्यांत उघड दिसते. गेल्या साठ वर्षांत साधने बदलली, तारा गेल्या, पेट्या गेल्या, तरी तयारीचा हा गाभा बदललेला नाही, असे मला इथे मांडायचे आहे.

फेलओव्हर क्लस्टर म्हणजे एकमेकांच्या जागी उभे राहू शकणारे दोन किंवा अधिक सर्व्हर. त्यांतला एकेक म्हणजे नोड. एक नोड पडला की त्याच्यावरचे काम, मग तो बँकेचा डेटाबेस असो की कचेरीतली मेलची यंत्रणा, दुसरा नोड उचलतो. काम उचलायचे तर पहिल्याने शेवटच्या क्षणापर्यंत लिहिलेले दुसऱ्याला वाचता आले पाहिजे, म्हणून दोघांचा हात पोहोचेल अशी डिस्क लागते. घोटाळा इथेच सुरू होतो. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम, किंवा तिच्यासारख्या बहुतेक फाइल सिस्टिम, 'ही डिस्क फक्त माझी आहे' असे गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. कुठली जागा मोकळी, कुठली फाइल कुठून कुठवर, याच्या नोंदी त्या वेगासाठी यंत्राच्या मेमरीत ठेवतात आणि सवडीने डिस्कवर उतरवतात. एका गावाचे दप्तर दोन तलाठ्यांनी आपापल्या घरी नकलून नेले आणि दोघेही आपापल्या नकलेत फेरफार ओढू लागले, तर दोघांचीही नोंद आपापल्या जागी बिनचूक असेल आणि गावातला एकच तुकडा दोघांना विकलेला असेल. डिस्कवर हेच होते. पहिल्या नोडला जी जागा मोकळी वाटते तिथे दुसऱ्याने आधीच काहीतरी लिहिलेले असते. त्या क्षणी कुठलाही दिवा लाल होत नाही. दोन्ही यंत्रे समाधानाने लिहीत राहतात आणि नासाडी कळते ती काही तासांनी, कधी काही दिवसांनी, जेव्हा कुणीतरी जुनी फाइल उघडायला जाते. क्लस्टरच्या मंडळींत या अवस्थेला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात, आणि यंत्र बंद पडण्यापेक्षा ते तिला जास्त घाबरतात. ही भीती रास्त आहे. बंद पडलेली सेवा तासाभरात उभी राहते. दोघांनी मिळून लिहिलेली डिस्क मात्र बॅकअपवरूनच उभी करावी लागते, तीही बॅकअप ज्या दिवसाचा असेल त्या दिवसापर्यंतच.

हा प्रश्न विंडोजच्या फार आधीचा आहे. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी आयबीएमने बांधलेल्या सेज यंत्रणेत, जिचे पहिले केंद्र 1958 मध्ये सुरू झाले, प्रत्येक नियंत्रण केंद्रात एकसारखे दोन संगणक असत. एक कामावर, दुसरा तयारीत. कामावरच्याची ताजी स्थिती चुंबकीय ड्रमवरून दुसऱ्याला कळत राही. अमेरिकन एअरलाइन्सच्या सेबर या तिकीट आरक्षणाच्या यंत्रणेतही न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर इथे आयबीएम 7090 जातीचे दोन संगणक ठेवले होते आणि त्यांतला एकच प्रत्यक्ष आरक्षणे घेई. या जोड्यांमध्ये धनी कोण हे माणूस ठरवत असे, त्यामुळे वाद उद्भवायला जागाच नव्हती. वाद आला तो 1964 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/360 नंतर, जेव्हा एकाच डिस्कला दोन संगणकांकडून येणाऱ्या वाटा जोडता येऊ लागल्या आणि दोन्ही संगणक एकाच वेळी खरे काम करू लागले. त्यावर आयबीएमने दिलेले उत्तर म्हणजे रिझर्व्ह आणि रिलीज हे दोन हुकूम. एका संगणकाने डिस्क रिझर्व्ह केली की तो रिलीज म्हणेपर्यंत दुसऱ्याला तिच्यावर काही करता येत नसे. सामायिक विहिरीवर ज्याची पाळी त्याचीच मोट, तसा हा व्यवहार होता. त्यातली उणीवही पाळीच्या पाण्यासारखीच. ज्याची पाळी आहे तोच मधे गतप्राण झाला तर? रिझर्व्ह केलेला संगणक कोसळला की डिस्क त्याच्याच नावावर अडकून पडे आणि ऑपरेटरला मधे पडून ती सोडवावी लागे. धन्याशिवाय दुसऱ्याने लिहू नये, आणि धनी मेला तर मालमत्ता अडकून पडू नये, या दोन्ही गरजा तेव्हापासून शेजारी शेजारी उभ्या आहेत. पुढची जवळजवळ प्रत्येक सुधारणा या दोघींच्या मधली वाट शोधत निघाली.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने 1983 मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये डिस्क खरोखरच सामायिक होती. एकाच डिस्कवरच्या एकाच फाइलमध्ये अनेक व्हॅक्स संगणक एकाच वेळी लिहीत. मग 'एका वेळी एकच धनी' हा नियम कुठे राहिला? तो राहिला, फक्त बारीक झाला. व्हॅक्सक्लस्टरने संपूर्ण डिस्कची मालकी वाटण्याऐवजी फाइलची, नोंदीची, एकेका तुकड्याची मालकी वाटली, आणि ती वाटणी सांभाळायला सगळ्या यंत्रांवर पसरलेला लॉक मॅनेजर बसवला. प्रत्येक तुकड्याला त्या क्षणी लिहिणारा एकच असे. या सोयीची किंमतही मोठी होती. फाइल सिस्टिम, डेटाबेस, सगळेच या कुलपांचा हिशेब धरून लिहिणे भाग होते. डिस्कच्या तयारीतही ती किंमत दिसे. प्रत्येक डिस्कचे नाव संपूर्ण क्लस्टरमध्ये वेगळे असावे लागे. एकाच डिस्ककडे दोन वाटांनी जाता येत असेल तर दोन्ही वाटांना सारखाच अनुक्रमांक द्यावा लागे, नाहीतर यंत्रांना ती एकच डिस्क दोन वाटली असती. आणि मतांची व्यवस्था होतीच. क्लस्टरमधल्या प्रत्येक यंत्राला मत असे, आणि बहुमताची संख्या, म्हणजे कोरम, गाठल्याशिवाय कुठल्याही गटाला काम करता येत नसे. दोनच यंत्रे असतील तर बहुमत कसे ठरणार? म्हणून एका डिस्कलाच तिसरे मत देत. तिला कोरम डिस्क म्हणत. माहिती साठवायला आणलेली वस्तू इथे पंचाच्या जागी बसली. हा शोध, मला वाटते, या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर आहे. व्हॅक्सवर चालणाऱ्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कुळाशी आपला जवळचा संबंध आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांतून चालणारी भारतीय रेल्वेची आरक्षण यंत्रणा व्हीएमएसवरच वाढली. एक बर्थ दोघांना जाऊ नये ही तिची गरज आणि एक तुकडा दोघांनी लिहू नये ही डिस्कची गरज एकाच जातीची आहे.

1974 मध्ये स्थापन झालेल्या टँडेम कंपनीने दुसरी वाट धरली. तिच्या नॉनस्टॉप यंत्रांत डिस्कला दोन्ही बाजूंनी वाटा होत्या, पण डिस्कशी बोलणारी प्रक्रिया एका वेळी एकच. तिची जोडीदार प्रक्रिया दुसऱ्या प्रोसेसरवर तयार उभी असे आणि पहिली पडली की तिची जागा घेई. म्हणजे तारा सामायिक, मालकी एकाची. मुंबई शेअर बाजाराने 1995 मध्ये बोल्ट ही संगणकीय व्यवहाराची यंत्रणा सुरू केली ती टँडेमच्याच यंत्रांवर. टँडेमचे नाव मला इथे आणखी एका कारणासाठी घ्यायचे आहे. तिथे काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी 1985 मध्ये संगणक का बंद पडतात याचा अहवाल लिहिला. ग्राहकांकडून आलेल्या बिघाडांची त्यांनी वर्गवारी केली, तेव्हा यंत्रभागांचा दोष निघाला 18 टक्के, सॉफ्टवेअरचा 25 टक्के, वीज आणि वातावरणाचा 14 टक्के, आणि यंत्र चालवणे, देखभाल करणे, मांडणी ठरवणे अशा माणसांच्या हातच्या कामांचा 42 टक्के. ज्या यंत्रांत प्रत्येक भाग जोडीने बसवलेला होता तिथली ही आकडेवारी आहे. भाग दुप्पट केले की भागांचे बिघाड झाकले जातात आणि उघडी पडते ती मांडणी. तयारीतल्या कामाला इतिहासात जागा मागण्याचा माझा मुख्य आधार हा आहे. क्लस्टरची कथा सहसा प्रोसेसर आणि अल्गोरिदम यांची म्हणून सांगितली जाते. डिस्कला नाव कुणी दिले, कुठल्या नोडवरून दिले, त्या वेळी दुसरा नोड काय करत होता, हे प्रश्न तळटीपेत जातात. ग्रे यांचे आकडे सांगतात की बिघाडांचा मोठा वाटा त्या तळटीपेतूनच निघतो.

आता तो मधला टप्पा, जिथे महाग यंत्रांची ही विद्या स्वस्त यंत्रांपर्यंत आली. 1986 मध्ये स्कझी हे डिस्क जोडण्याचे मानक मंजूर झाले. एका केबलवर संगणक आणि डिस्क ओळीने बसत, प्रत्येकाला एक क्रमांक असे, आणि केबलची दोन्ही टोके टर्मिनेटर लावून बंद करावी लागत. एकाच केबलवर दोन संगणक बसवायला मानकाची हरकत नव्हती, आणि आयबीएमचे जुने रिझर्व्ह-रिलीजही त्यात उतरले होते. एवढ्या भांडवलावर मायक्रोसॉफ्टने 1997 मध्ये, आतल्या गोटात 'वुल्फपॅक' म्हटले जाणारे क्लस्टर सॉफ्टवेअर विंडोज एनटी 4.0 च्या एंटरप्राइज आवृत्तीसोबत बाजारात आणले. नोड फक्त दोन. विंडोज एनटी घडवणारे डेव्ह कटलर 1988 मध्ये डिजिटलमधून आलेले, आणि जिम ग्रेही तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये पोहोचले होते. कोरम डिस्कची कल्पना विंडोजमध्ये आली ती याच वाटेने आलेल्या माणसांच्या पिढीत. पण व्हॅक्सचा लॉक मॅनेजर आला नाही. एनटीएफएस एकट्याचीच फाइल सिस्टिम राहिली, आणि म्हणून तयारीचा सगळा भार केबलवर आणि शिस्तीवर पडला. स्कझीचे कार्ड कारखान्यातून 7 हा क्रमांक घेऊन येई. दोन सर्व्हरांत दोन कार्डे, दोन्ही 7, एकाच केबलवर. म्हणून एकाचा क्रमांक बदलून 6 करणे हे पहिले काम. टर्मिनेटर कार्डाच्या आत ठेवला तर तो सर्व्हर दुरुस्तीला काढताच केबलचे टोक उघडे पडे आणि दुसराही आंधळा होई. म्हणून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची केबल वापरून टर्मिनेटर बाहेर लावत. ज्या सर्व्हरच्या जाण्याची तयारी करायची त्याच्या जाण्यानेच सगळे बंद पडू नये, एवढा विचार त्या एका केबलमध्ये होता.

स्कझीच्या रिझर्व्हमध्ये एक कच्चेपणा होता. केबलवरच्या कुणीही 'रीसेट' पाठवला की सगळी रिझर्व्हेशने पुसली जात. मानक लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने रीसेट म्हणजे अडकलेली केबल मोकळी करण्याचा उपाय. वुल्फपॅकने या कच्चेपणावरच आपला न्याय उभा केला. कोरम डिस्कचा धनी असलेला नोड दर 3 सेकंदांनी आपले रिझर्व्हेशन नवे करत राही. दोन नोडांचा एकमेकांशी संपर्क तुटला की दुसरा नोड आव्हान देई. तो केबलवर रीसेट सोडून धन्याची मालकी पुसून टाकी, आणि लगेच झडप न घालता धन्याच्या फेरीच्या दुपटीहून जास्त वेळ थांबे. धनी जिवंत असेल तर तेवढ्या वेळात तो येऊन आपले नाव पुन्हा लावणारच. त्याने लावले तर आव्हान देणाऱ्याने हार मानून बाजूला व्हायचे. नाव रिकामेच राहिले तर धनी गेला असे समजून डिस्क घ्यायची. साठच्या दशकात ऑपरेटरच्या अंगावर असलेला निवाडा इथे काही सेकंदांच्या सभ्य प्रतीक्षेत बसवला गेला. आता त्या तक्त्यातले चालू-बंद पुन्हा पाहा. हा न्याय क्लस्टरचे सॉफ्टवेअर चढल्यावरच सुरू होतो. त्याआधी दोन्ही नोड डिस्कला आपापली समजतात आणि त्यांच्यात उभे राहायला कुणी नसते. म्हणून सॉफ्टवेअर येईपर्यंत विजेचे बटण हाच लॉक मॅनेजर. मार्गदर्शिकेतला तो तक्ता म्हणजे यंत्राला न्याय शिकवून होईपर्यंत माणसाने हाताने चालवलेला न्याय होता.

तयारीतले उरलेले टप्पेही याच नजरेने पाहिले की त्यांचा अर्थ लागतो. डिस्क पहिल्यांदा ओळखीत घेताना विंडोज तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक सही लिहून ठेवी. क्लस्टर डिस्कला ओळखे ते या सहीवरून. केबलवरची जागा किंवा आकार यांवर त्याचा भरवसा नसे. डिस्क जळाली आणि त्याच मापाची नवी त्याच खणात बसवली, तरी क्लस्टर तिला स्वीकारत नसे, कारण सही निराळी. मग जुनी सही नव्या डिस्कवर लिहिण्याची छोटी साधने हाताशी ठेवावी लागत. डिस्क 'बेसिक'च ठेवायची, 'डायनॅमिक' करायची नाही, हाही नियम होता. ड्राइव्हचे अक्षर दोन्ही नोडांवर एकच हवे, कारण काम दुसरीकडे गेल्यावर डेटाबेस आपल्या फाइली त्याच पत्त्यावर शोधणार. कोरम डिस्कला 50 मेगाबाइट पुरत, सल्ला 500 चा होता, आणि रिवाजाने तिला क्यू हे अक्षर देत. 63 सेक्टर सोडून पहिले पार्टिशन सुरू करण्याची जुनी खोड मात्र याला अपवाद आहे. तिचा मालकीशी संबंध नव्हता. डिस्कच्या एका वर्तुळात 63 सेक्टर मानण्याच्या जुन्या हिशेबातून ती आली होती. डिस्कांच्या मोठ्या पेट्यांत तिच्यामुळे एकेक लिखाण दोन तुकड्यांवर पडून वेग मंदावे, आणि विंडोज सर्व्हर 2008 ने पहिले पार्टिशन 1 मेगाबाइटवर सुरू करून ती सोडली. तयारीची प्रत्येक पायरी पवित्र होती असा माझा दावा नाही. काही नुसत्या सवयी होत्या, आणि त्या गेल्या तर कुणी हळहळण्याचे कारण नाही.

केबलची जागा फायबर चॅनेलच्या जाळ्याने, म्हणजे सॅनने घेतली, तेव्हा प्रश्न एकदम फुगला. आता एका केबलवर दोन सर्व्हर नव्हते. एका जाळ्यावर शेकडो सर्व्हर आणि शेकडो लन होते. लन म्हणजे मोठ्या पेटीतून कापून दिलेली, सर्व्हरला डिस्कसारखी दिसणारी जागा. विंडोजचा स्वभाव असा की जी डिस्क दिसेल ती आपली. दुसऱ्याच विभागाचा, दुसऱ्याच सिस्टिमचा लन दिसला तरी त्यावर सही करू का असे ते विचारी, आणि घाईतल्या माणसाने हो म्हटले की लिहून मोकळे होई. म्हणून स्विचवर झोनिंग आणि पेटीवर लन मास्किंग ही नवी कामे तयारीत आली. दोन्हींचा उद्देश डिस्क दाखवण्यापेक्षा लपवण्याचा जास्त. जुना रीसेटही इथे चालेना. दोन नोडांच्या भांडणात सोडलेला रीसेट केबलवरच्या सगळ्यांना लागे, आणि आता त्या सगळ्यांत परकेही होते. त्यावर उतारा स्कझीच्या पुढच्या मानकातून आला. पर्सिस्टंट रिझर्व्हेशनमध्ये प्रत्येक नोड डिस्कपाशी 64 बिटांची आपली किल्ली नोंदवतो, रीसेट झाला तरी ती नोंद पुसली जात नाही, आणि जिवंत नोड मेलेल्याची किल्ली नाव घेऊन रद्द करू शकतो. विंडोज सर्व्हर 2008 ने हीच रीत सक्तीची केली आणि जुन्या समांतर केबलच्या स्कझीला क्लस्टरमधून निरोप दिला. ज्या केबलवर ही विद्या स्वस्त झाली तिचा प्रवास अकरा वर्षांत संपला.

दुसरा आक्षेप याच 2008 च्या आवृत्तीतून निघतो. तिच्यात क्लस्टर उभे करण्याआधी सगळी मांडणी तपासून पाहणारी सोय आली. डिस्क सगळ्या नोडांना दिसते का, रिझर्व्हेशन टिकते का, एकाने सोडली तर दुसऱ्याला मिळते का, हे ती स्वतः करून बघते. त्याच आवृत्तीच्या मोठ्या प्रतींमध्ये सामायिक जाळ्यावरची नवी डिस्क आपोआप ऑफलाइनच राहू लागली. तिला हाताने एका नोडवर ऑनलाइन आणायचे, पार्टिशन करून फॉरमॅट करायचे आणि क्लस्टरच्या ताब्यात द्यायचे. म्हणजे आता यंत्रे बंद ठेवायला नकोत, तक्ता नको, मग ही तयारी कालबाह्य नाही का? काम हलके झाले हे खरेच आहे आणि ते चांगले झाले. पण बारकाईने पाहिले तर तपासणीच्या त्या सोयीत जुन्या तक्त्याचेच रकाने आहेत. पूर्वी माणूस एका नोडवरून फाइल लिहून दुसऱ्यावरून उघडून बघत असे. आता प्रोग्राम बघतो. पूर्वी दुसरा सर्व्हर बंद ठेवून डिस्क त्याच्यापासून वाचवत. आता ऑफलाइन हा स्वभावच करून टाकला. दिसेल ती डिस्क आपली म्हणणाऱ्या विंडोजने, कुणीतरी सांगेपर्यंत हात न लावण्याची सवय लावून घेतली, हा बदल मला कुठल्याही नव्या वैशिष्ट्यापेक्षा मोठा वाटतो. रिवाज मोडला असे याला म्हणता येणार नाही. तो माणसाच्या वहीतून यंत्राच्या अंगात गेला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मूलगामी. मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्येच मांडले होते की यंत्रांनी काहीच सामायिक ठेवू नये. प्रत्येकाची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, आणि बोलणे फक्त नेटवर्कवरून. 2003 मध्ये गूगलने आपल्या फाइल सिस्टिमची रचना प्रसिद्ध केली, ती याच विचाराची: साधी यंत्रे, प्रत्येकाच्या पोटातल्या डिस्क, आणि प्रत्येक तुकड्याच्या साधारण तीन प्रती तीन यंत्रांवर. विंडोजनेही 2016 मध्ये सर्व्हरांच्या आतल्याच डिस्क एकत्र बांधून साठा करण्याची सोय दिली. मग सामायिक डिस्कचे युगच संपले, तिच्या तयारीची चर्चा कशाला? पण गूगलच्याच रचनेत पाहा. तीन प्रतींपैकी बदलांचा क्रम ठरवण्याचा अधिकार एकीलाच, आणि तो 60 सेकंदांच्या मुदतीच्या पट्ट्यावर. त्या प्रतीशी संपर्क तुटला तर मुख्य यंत्र दुसरीला अधिकार द्यायची घाई करत नाही. पट्ट्याची मुदत सरेपर्यंत थांबते. वुल्फपॅकच्या आव्हानानंतरची प्रतीक्षा आणि ही प्रतीक्षा यांत तत्त्वाचा फरक मला दिसत नाही. विंडोजच्या नव्या रचनेतही दोन नोड असले की तिसरे मत लागतेच, मग ते दूरच्या एखाद्या फाइलचे असो की क्लाउडमधल्या साक्षीदाराचे. डिस्क सामायिक नसली तरी मालकी सामायिक राहते, आणि एकाच गोष्टीचे दोन धनी होऊ न देण्याची तयारी कुठेतरी करावीच लागते.

ती कुठे केली आणि कशी केली याला किती किंमत आहे, हे मुंबईने पाहिले. 24 फेब्रुवारी 2021 रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधले व्यवहार सकाळी 11:40 ला थांबवावे लागले आणि ते पुन्हा सुरू झाले दुपारी 3:45 ला. एक्स्चेंजने नंतर दिलेल्या खुलाशानुसार आधी टेलिकॉमचे दुवे अस्थिर झाले. दुसऱ्या ठिकाणच्या साठ्याशी जोडलेली सॅन यंत्रणा त्यावर अपेक्षेप्रमाणे वागली नाही, आणि मुख्य ठिकाणचा साठाच तिथल्या सर्व्हरांना मिळेनासा झाला. साठ्याच्या फेलओव्हरची जी मांडणी झाली होती ती एक्स्चेंजला हव्या असलेल्या रचनेशी जुळत नव्हती, असेही त्यात म्हटले होते. दोन ठिकाणे, त्यांच्यात तुटलेला संपर्क, आणि साठा कुणाच्या हाती राहायचा हा प्रश्न: वुल्फपॅकच्या केबलवरचाच हा प्रसंग, फक्त केबल शहरभर पसरलेली. फेलओव्हरची सोय तिथे होती. प्रश्न होता तो संपर्क तुटल्यावर साठ्याने कुणाचे ऐकायचे हे कधी, कुणी आणि कुठल्या शब्दांत लिहून ठेवले होते, याचा. ग्रे यांच्या वर्गवारीत हा बिघाड कुठल्या रकान्यात गेला असता, हे सांगायला नको.

2020 मध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही क्लाउडमध्ये एक डिस्क अनेक सर्व्हरांना जोडण्याची सोय आली. इथे पेटी दिसत नाही, कार्डाचा क्रमांक बदलायचा नाही, टर्मिनेटर नाही, आणि डिस्क भाड्याची आहे. तिच्या माहितीपत्रकात पहिल्याच इशाऱ्यांपैकी एक असतो तो नेहमीच्या फाइल सिस्टिमविषयी: त्या एकाहून जास्त सर्व्हरांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी बनलेल्या नाहीत, माहिती नासेल. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधली अशी डिस्क स्कझीचे पर्सिस्टंट रिझर्व्हेशन समजते, ॲमेझॉननेही पुढे नव्या पिढीच्या एनव्हीएमई डिस्कांमधली रिझर्व्हेशने दिली, आणि त्या हुकुमांची वंशावळ सिस्टिम/360 च्या रिझर्व्ह-रिलीजपर्यंत मागे जाते. डिस्क आजही आधी एकाच नोडवर ऑनलाइन आणतात, तिथेच फॉरमॅट करतात, आणि मग क्लस्टरच्या स्वाधीन करतात. तेवढा वेळ दुसऱ्या नोडवर ती दिसते, पण ऑफलाइन.